वॉशिंग मशीनचा कुबट वास कसा घालवायचा: फ्रंट लोड, टॉप लोड आणि सेमी

धुऊन वाळलेला टॉवेल कपाटात असेपर्यंत बरा असतो. आंघोळीनंतर अंग पुसून ओला झाला की त्याला कुबट वास सुटतो. पावडर बदलली, सॉफ्टनर वाढवला, कडक ऊन दाखवलं, तरी दोन धुण्यांनंतर पुन्हा तेच. असं होत असेल तर मशीन आतून घाण झालं आहे, आणि ही घाण झाकण उघडून दिसत नाही.

आपल्याला दिसतो तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेरून प्लॅस्टिकचा दुसरा टब असतो आणि पाणी खरं तर त्यात साठतं. या दोन टबांमधल्या चिंचोळ्या जागेत ऊन, वारा, हात काहीच पोचत नाही. न विरघळलेली पावडर, सॉफ्टनरचा चिकटपणा, अंगाचा तेलकट मळ, कपड्यांचा भुगा आणि पाण्यातले क्षार यांचा तिथे बुळबुळीत थर बसतो. त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात. आपल्या घरांत त्यात खोबरेल तेलाची भर पडते. हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीच्या दिवसांत उशांचे अभ्रे गार पाण्यात धुतले की त्यांतलं थोडंफार तेल टबालाच चिकटून राहतं.

टॉवेलच्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. अशा वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. कपडा वाळला तरी तो तग धरून राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो.

काय काय लागेल

- सोडियम परकार्बोनेट, ५०० ग्रॅम. ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून पांढऱ्या दाणेदार पावडरीच्या रूपात मिळतं.
- सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, १५० ग्रॅम. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तरच.
- कपड्यांचं साधं पातळ ब्लीच, फक्त रबरावरची बुरशी पुसण्यापुरतं.
- पसरट ताटली किंवा परात, जुना टूथब्रश, बाटली घासायचा ब्रश, टॉर्च, चहाची जुनी गाळणी, रबरी हातमोजे, तीन-चार सुती फडकी.
- मशीनची पुस्तिका. हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. पाण्याचं तापमान किती चालतं ते त्यात बघायचं आहे.

सुरू करण्याआधी एक इशारा. ब्लीचमध्ये लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंदिस्त ड्राय बाल्कनीत तो छातीत भरायला वेळ लागत नाही. या लेखातली प्रत्येक पावडर वेगळ्या दिवशी, वेगळ्या सायकलमध्ये वापरायची आहे.

१. आधी वास ओळखा

कुठलीही पावडर ओतण्यापूर्वी दोन मिनिटं नाकाला कामाला लावा. दार रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी उघडल्या उघडल्या वास घ्या.

ओल्या पायपुसण्यासारखा, आंबूस वास असेल तर तो टबातल्या थराचा. गटारासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा असेल तर बहुतेक वेळा तो मशीनचा नसतोच, सांडपाण्याच्या पाइपातून येतो. काही बोअरच्या पाण्यालाच असा वास असतो, म्हणून नळाचं पाणी बादलीत घेऊन एकदा हुंगून बघा. खालच्या बाजूने कुजका, गोडसर वास येत असेल तर टॉर्च घेऊन मशीनखाली बघा. मेलेला उंदीर किंवा पाल सापडू शकते, आणि खालची उंदीरजाळी फाटली आहे हेही त्याच वेळी कळतं. जळका वास असेल तर हा लेख बाजूला ठेवा, प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

२. दोष पाइपाचा तर नाही ना?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग महागड्या पावडरींवर पैसे घालवत बसतात.

मशीनचा ड्रेन पाइप ज्या जाळीत सोडलेला असतो तिच्याखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहिलं पाहिजे. गटाराचे वायू वर येऊ न देणारं झाकण म्हणजे हेच पाणी. घर काही आठवडे बंद राहिलं की ते आटतं. जुन्या बांधकामात काही वेळा ट्रॅप बसवलेलाच नसतो. मग वायू पाइपातून वर चढून थेट टबात येतात.

तपासणी सोपी आहे. धुणं संपल्यावर पाइपाचं टोक जाळीतून बाहेर काढा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून रबरबँडने घट्ट बांधा आणि मशीनचं दार बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी टबात वास नसेल आणि जाळीपाशी असेल, तर चोर सापडला. पिशवी काढायला विसरू नका, नाहीतर पुढच्या धुण्याला बाल्कनीत तळं साचेल. ट्रॅपमध्ये एक-दोन लिटर पाणी ओता, जाळी उचलून आतले केस आणि साबणाचा साका काढा. तरीही वास येत राहिला तर प्लंबरचं काम.

पाइपाची उंचीही बघा. फ्रंट लोडमध्ये पंप पाणी वर ढकलतो, म्हणून पाइपाचं टोक जमिनीपासून वर अडकवलेलं लागतं. बहुतेक पुस्तिकांत ६० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यानचा आकडा दिसतो. आपल्याकडच्या पुष्कळशा टॉप लोड मशीनमध्ये आणि सेमीमध्ये मात्र पाणी उतारानेच निघून जातं. तिथे पाइप ड्राय बाल्कनीचा उंबरा ओलांडून नेला असेल किंवा मध्ये त्याचा झोल पडला असेल, तर दर धुण्यानंतर थोडं पाणी तळाशी राहतं आणि तिथेच सडतं. जास्तीची लांबी कापून पाइप सरळ उतारावर टाका. जमत नसेल तर मशीन भक्कम स्टँडवर चढवा.

३. फ्रंट लोड: रबर, ड्रॉवर, फिल्टर

प्लग काढा, नळ बंद करा.

*दाराचं रबर.* राखाडी रबराची खालची घडी दोन्ही बोटांनी बाहेर ओढा. केसांचा गुंता, मोज्याचा धागा, एखादं नाणं आणि काळसर चिखल, यांतलं काहीतरी नक्की सापडेल. आधी कोरड्या फडक्याने हे सगळं काढा. घडीत तळाला लहान भोकं असतील तर ती टूथब्रशने मोकळी करा. ती बुजली की पाणी घडीत साचून राहतं. मग एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी अशा मिश्रणात फडकं भिजवून, पिळून, घडीत १५ मिनिटं दाबून ठेवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसून रबर कोरडं करा. रबरात मुरलेले काळे ठिपके पूर्ण जातीलच असं नाही. वास गेला असेल तर डागांशी भांडत बसू नका. सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडलं तर रबर फाटतं आणि मग गळतीचं नवं दुखणं मागे लागतं.

*पावडरचा ड्रॉवर.* बाहेर ओढा आणि आतली खटकी दाबली की पूर्ण हातात येतो. सॉफ्टनरच्या कप्प्यावरची टोपीही निघते आणि तिच्याखाली हमखास जेलीसारखा गोळा असतो. ड्रॉवर गरम पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून घासा. आता टॉर्च घेऊन रिकाम्या खाचेत वरच्या बाजूला बघा. पाण्याच्या बारीक धारा जिथून पडतात त्या छताला काळी बुरशी लटकलेली असते. ड्रॉवर चकचकीत करूनही वास येतो तो बरेचदा इथून. बाटलीचा ब्रश वाकवून तिथे फिरवा.

*पंपाचा फिल्टर.* पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात लहान झाकण असतं. मशीन नुकतंच गरम पाण्यावर चाललं असेल तर निवू द्या. परात लावा, शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत उतरू द्या. नळी नसेल तर फिल्टर डावीकडे अर्धा फेराच फिरवा, पाणी ओसरू द्या, परात रिकामी करा, पुन्हा अर्धा फेरा. दोन-तीन लिटर पाणी सहज निघतं, आणि फिल्टर एका झटक्यात उघडला तर ते तुमच्या पायांवर येईल. महिनोन्‌महिने न उघडलेला फिल्टर बाहेर आला की त्याच्याभोवती भिजल्या नमद्यासारखं राखाडी वेष्टण असतं, त्यात केसाच्या पिना, सेफ्टी पिना, बटणं. वास असा येतो की मान आपोआप वळते. तो वाहत्या पाण्याखाली धुवा, खाचेत टॉर्च मारून पंपाचं पातं मोकळं आहे ना ते काडीने हलवून बघा. फिल्टर बसवताना आटे सरळ लागू द्या. नंतर ड्रॉवरमधून लिटरभर पाणी ओतून पाच मिनिटं गळती बघा आणि मगच मशीन लावा.

४. फ्रंट लोड: गरम पाण्याची रिकामी सायकल

आता मधल्या थराकडे वळू. ड्रममध्ये एकही कपडा नको. १०० ग्रॅम परकार्बोनेट थेट ड्रममध्ये टाका. ड्रॉवरमध्ये टाकलं तर अर्धं तिथेच गोठून बसतं. ६० अंशांची, सगळ्यात लांब कॉटनची सायकल लावा. पाण्यात परकार्बोनेटपासून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे काम ४० अंशांच्या वर नीट सुरू होतं, गार पाण्यात पावडर फुकट जाते. पाणी तापल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, पॉज करून एक तास राहू द्या, मग पुढे चालवा. ‘टब क्लीन’ प्रोग्राम असेल तर तो वापरा, पण त्यात कुठली पावडर चालते ते पुस्तिकेत बघून.

काचेतून बघत राहा. डिटर्जंटचा दाणाही न घालता फेस येत असेल तर तो जुन्या डिटर्जंटचा आहे, आणि तुम्ही आजवर किती जास्त पावडर घालत होता याचा तो पुरावा आहे. फेस थांबेपर्यंत रिकामी खळबळणी करा. वर्षानुवर्षांचा थर एका फेरीत निघत नाही. आठ दिवसांनी दुसरी फेरी, नंतर दोन महिन्यांतून एकदा. उगाच दर आठवड्याला करू नका. ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि सोड्याने तो हळूहळू खाल्ला जातो.

पाणी क्षारांचं असेल तर आदल्या आठवड्यात लिंबूसत्त्वाची फेरी करून घ्या: १०० ग्रॅम, रिकामा ड्रम, ६० अंश. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात तेच हे. हीटरवर बसलेल्या पांढऱ्या कवचाच्या खाचांत मळ अडकून राहतो, म्हणून आधी कवच, मग मळ. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मऊ असतं, तिथे महापालिकेच्या पाण्यावरच्या मशीनला याची गरज क्वचितच. मराठवाड्यात बोअरवर मशीन चालत असेल तर वर्षातून तीन-चार वेळा करा.

५. टॉप लोड: रात्रभर भिजवण

इथे पाणी टबाच्या काठापर्यंत भरता येतं, हा मोठा फायदा. बहुतेक मशीनना हीटर नसतो, म्हणून गीझरचं पाणी बादलीने घाला. आधी दोन बादल्या गार पाणी, मग गरम. पाणी हाताला कडकडीत लागेल पण उकळतं नसेल, ५० अंशांच्या आसपास. लहान मुलांना या वेळी बाल्कनीत येऊ देऊ नका.

भुगा गोळा करणारी जाळीची पिशवी काढून वेगळी धुवा. ६-७ किलोच्या मशीनला २०० ग्रॅम परकार्बोनेट टाका, पाण्याची पातळी सगळ्यात वरची, पाच मिनिटं फिरवा. मग बटणाने नाही, भिंतीवरच्या स्विचने बंद करा. नुसतं पॉज केलं तर काही मशीन थोड्या वेळाने पाणी सोडून देतात. काही मॉडेलमध्ये वीज गेली की ड्रेनही उघडतो. तसं होत असेल तर ‘सोक’ प्रोग्राम वापरा. सहा तास किंवा रात्रभर ठेवा.

सकाळी झाकण उघडल्यावर पाण्यावर काळपट-तपकिरी पापुद्रे तरंगत असतील, चहाच्या उकळलेल्या चोथ्यासारखे. हे पाणी लगेच सोडू नका. दोन मिनिटं फिरवा, थांबवा, गाळणीने पापुद्रे काढा, पुन्हा फिरवा. चार-पाच वेळा असं केलं तरी गाळणी भरून निघत असेल तर कंटाळू नका, कारण सोडून दिलेले पापुद्रे ड्रेनच्या झडपेत अडकतात आणि पुढचे दहा दिवस पांढऱ्या शर्टांवर येऊन बसतात. मग पूर्ण सायकल, त्यावर एक जास्तीची खळबळणी. पहिल्या धुण्याला जुनी पायपुसणी टाका.

टबाच्या वरच्या प्लॅस्टिकच्या कड्याखाली बोट फिरवून बघा. भिजवणीचं पाणी तिथवर पोचत नाही. ती जागा ब्रशनेच घासावी लागते.

६. सेमी ऑटोमॅटिक

सेमी स्वच्छ करणं सगळ्यात सोपं. धुण्याच्या टबाच्या भिंतीवर सरकवून निघणारी उभी पट्टी असते. तिच्यामागे पाणी जायचा मार्ग असतो आणि तिथे साबणाचा लगदा साचतो. ती काढून घासा. तळाची फिरकी एका स्क्रूवर असते. प्लग काढून स्क्रू सोडवा, फिरकी वर उचला आणि खालचा चिखल काढा. स्क्रू गंजला असेल तर जबरदस्ती करू नका. भिजवण टॉप लोडसारखीच, पण फिरकीच्या टबात. पिळायच्या टबात पाणी थांबत नाही, तिथे परकार्बोनेटचं कोमट पाणी तांब्या-तांब्याने ओतत राहा.

साबणाच्या वडीचा किस घालून धुणाऱ्या घरांत हा वास लवकर येतो. क्षारांच्या पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, डिटर्जंटचा तेवढा होत नाही.

७. हे करू नका

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फसफसतं छान, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती खारट पाणी उरतं. सोसायटीत वाटली जाणारी ब्लीचिंग पावडर मशीनमध्ये घालू नका, तिच्यातला चुना तळाशी बसतो. संडासचं ॲसिड स्टीलच्या ड्रमला खातं. डांबराच्या गोळ्या ड्रममध्ये ठेवल्या की दोन वास येतात, जुनाही आणि नवाही. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांना तर नॅफ्थलीन लागूच देऊ नये.

८. वास परत येऊ नये म्हणून

धुणं झालं की दार उघडं ठेवा, ड्रॉवरही बोटभर बाहेर. घरात लहान मूल असेल तर फटीत गुंडाळलेला टॉवेल अडकवा आणि चाइल्ड लॉक लावा, मूल ड्रममध्ये शिरू शकतं. चेनचं प्लॅस्टिकचं कव्हर ही आपली खास आवड. पावसाच्या झडीपासून ते मशीनला वाचवतं खरं, पण ओल्या मशीनवर चढवलं की आत बुरशीची शेती होते. चार तासांनी चढवा.

पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्याने सुरू करा, कपडे नीट निघत नसतील तरच वाढवा. शेवटच्या खळबळणीत काचेवर फेस दिसला तर अजून कमी. फ्रंट लोडला त्याच मशीनसाठीची कमी फेसाची पावडर. सॉफ्टनर टॉवेलांना नकोच. तो धाग्यांवर चिकट थर देतो आणि टॉवेल पाणी टिपेनासे होतात. आठवड्यातून एक धुणं ६० अंशांवर ठेवा: चादरी, पंचे, अभ्रे. स्वयंपाकघरातली तेलकट फडकी आधी बादलीत गरम पाण्यात भिजवून मगच मशीनमध्ये. मळके कपडे साठवायला मशीन म्हणजे टोपली नव्हे, आणि धुतलेले कपडे रात्रभर आत राहिले तर ते पुन्हा धुवावेच लागतात.

९. टॉवेलांचं काय?

मशीन स्वच्छ झालं तरी जुने टॉवेल जिवाणू घेऊन बसलेले असतात. बादलीत ८-१० लिटर गरम पाणी, दोन मोठे चमचे परकार्बोनेट, पांढरे आणि पक्क्या रंगाचे टॉवेल दोन तास भिजवा, मग ६० अंशांवर धुवा. रेशीम आणि लोकर यात चुकूनही नको. पावसाळ्यात दोरीवर कपडे खेटून न घालता निम्मे घाला आणि पंख्याची हवा आडवी लागू द्या. कपडा किती तासांत वाळतो यावर वास ठरतो.

१०. मेकॅनिक केव्हा

दोन फेऱ्यांनंतरही पापुद्रे येतच असतील, किंवा ड्रम हाताने फिरवताना घरघर ऐकू येत असेल, तर मशीन उघडावं लागेल. फोनवर स्पष्ट विचारा: टब बाहेर काढून धुणार, की पावडर टाकून एक सायकल चालवणार? दुसऱ्या कामाला मेकॅनिक कशाला, ते तुम्ही आत्ताच केलंत. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच माणसाकडून उघडा.

११. घर बंद ठेवून गावाला जाताना

शेवटचं धुणं आदल्या दिवशी उरका. फिल्टर उघडून उरलेलं पाणी काढा, रबर पुसा, नळ बंद, प्लग बाहेर, दार आणि ड्रॉवर उघडे, कव्हर घडी घालून बाजूला. नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि त्यावर दोन चमचे शिलाई मशीनचं तेल. तेलाचा पापुद्रा पाण्यावर पसरतो आणि मे महिन्याच्या उन्हातही ट्रॅप लवकर आटत नाही.